रेग्युलेशन म्हणजे नक्की काय? नियमन, विनियम आणि नियम यांची पायरीपायरीने उकल

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरातलं वीजमीटर फार जोरात पळू लागलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला आणि वीज कंपनीच्या एका कार्यालयात नेऊन दिला. अर्जात लिहिलं होतं, ‘वीज कायदा २०२१ च्या कलमानुसार माझ्या मीटरची तपासणी करावी.’ खिडकीवरच्या माणसाने तो वाचला आणि ‘असा कायदाच नाही’ म्हणून परत दिला. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. २०२१ चा वीज कायदा नाही. २०२१ ची आहेत ती रेग्युलेशन्स, आणि बाईंची मागणी त्यांत व्यवस्थित बसत होती. एका शब्दामुळे म्हातारं माणूस भर उन्हात हात हलवत परत आलं, हे माझ्या मनाला फार लागलं.

मी बरीच वर्षं इंग्रजी कागदपत्रांची मराठी भाषांतरं करते. या कामात सर्वांत जास्त घोळ घालणारा शब्द कोणता, असं कोणी विचारलं तर मी रेग्युलेशनचंच नाव घेईन. तो कठीण नाही, उलट फार ओळखीचा आहे. गॅसच्या टाकीवर रेग्युलेटर, पंख्याला रेग्युलेटर, कालव्याच्या तोंडाशी हेड रेग्युलेटर. शब्द इतका घरातला झाला आहे की कागदावर दिसला तरी आपण थांबत नाही, ‘नियम असेल काहीतरी’ म्हणून पुढे जातो. तसं न करता काय करावं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: कागद आहे की काम, हे ओळखा

इंग्रजीत रेग्युलेशन या एकाच शब्दाचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. एक अर्थ क्रियेचा: एखाद्या गोष्टीला शिस्त लावणं, तिचा वेग, प्रमाण किंवा किंमत ताब्यात ठेवणं. दुसरा अर्थ दस्तऐवजाचा: अधिकार असलेल्या संस्थेने लिहून, राजपत्रात छापून लागू केलेला मजकूर.

सुदैवाने मराठीत या दोन अर्थांना दोन शब्द आहेत. क्रिया असेल तर नियमन, कायद्याच्या भाषेत विनियमन. दस्तऐवज असेल तर विनियम. शेवटच्या एका ‘न’चा फरक, पण अर्थ पार बदलतो.

आपल्या राज्याच्या कायद्यांची नावं पाहिली की हे चटकन लक्षात येतं. शाळेच्या फीवरून पालक ज्याचा आधार घेतात तो महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. बाजार समित्यांचा महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३. सरकारी कर्मचारी ज्याला नुसतं ‘बदल्यांचा कायदा’ म्हणतात त्या २००५ च्या अधिनियमाच्या लांबलचक नावातही ‘बदल्यांचे विनियमन’ आहे. या सगळ्यांच्या इंग्रजी नावांत रेग्युलेशन आहे, पण हे दस्तऐवज रेग्युलेशन नव्हेत. ते विधिमंडळाने केलेले पूर्ण कायदे आहेत, आणि रेग्युलेशन हे त्या कायद्यांचं काम आहे. घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘रेरा’ कायद्याचंही तसंच. नावातला दुसरा ‘र’ रेग्युलेशनचा, पण रेरा हा संसदेचा २०१६ चा अधिनियम आहे.

ओळखायची एक सोपी खूण सांगते. इंग्रजीत शब्द एकवचनी असेल आणि मागोमाग ‘ऑफ’ येत असेल (रेग्युलेशन ऑफ फी, रेग्युलेशन ऑफ ट्रान्स्फर्स), तर बहुधा क्रिया. शब्द अनेकवचनी असेल आणि पुढे स्वल्पविराम देऊन साल असेल (रेग्युलेशन्स, २०२१), तर दस्तऐवज. शब्दापुढे नुसता आकडा असेल (रेग्युलेशन ५), तर त्या दस्तऐवजातला एक खंड. या खुणेने दहापैकी नऊ ठिकाणी काम भागतं.

शेतकऱ्यांनी तर क्रियेच्या अर्थावरून स्वतःचा शब्द रुळवला आहे. २०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून बाहेर काढला, तेव्हापासून ‘नियमनमुक्ती’ हा शब्द बाजारात सर्रास ऐकू येतो. इंग्रजी डीरेग्युलेशनला इतका नेमका आणि बोलायला सोपा शब्द मला कुठल्याही कोशात सापडला नाही. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, त्या बातम्यांतला डीरेग्युलेशनही हाच.

दुसरी पायरी: दस्तऐवज असेल तर तो कोणी केला, ते पाहा

खरं महत्त्व इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ या. बाईंच्या विजेचंच उदाहरण घेते, कारण बिल प्रत्येकाच्या घरी येतं.

सर्वांत वर विद्युत अधिनियम, २००३. हा संसदेने केला. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे, हे याच्याच कलम ५६ मध्ये आहे. पण देशभरासाठी केलेला कायदा प्रत्येक बारकावा सांगत बसत नाही. मीटर बिघडलं तर बिल कसं काढायचं, पुरवठा बंद पडला तर किती वेळात सुरू करायचा, तो नाही झाला तर ग्राहकाला किती भरपाई द्यायची, हे काम तो खाली सोपवतो.

ते दोघांकडे सोपवलं जातं. एक, सरकारकडे. केंद्र सरकारने २०२० मध्ये ग्राहकांच्या हक्कांविषयी जे केले ते रूल्स, म्हणजे नियम. दोन, कायद्याने उभ्या केलेल्या स्वतंत्र संस्थेकडे. आपल्याकडे ती संस्था म्हणजे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. आयोगाने विद्युत पुरवठा संहिता आणि कृतिमानकं (म्हणजे सेवेचा किमान दर्जा) ठरवणारी जी २०२१ ची रेग्युलेशन्स केली, ते विनियम.

म्हणजे ढोबळ सूत्र असं: संसदेने किंवा विधिमंडळाने केला तो अधिनियम, सरकारने केले ते नियम, मंडळ, आयोग, प्राधिकरण किंवा महामंडळाने केले ते विनियम. सेबी, विद्यापीठ अनुदान आयोग, अन्न सुरक्षा प्राधिकरण, महारेरा यांच्या कागदांवर रेग्युलेशन्स दिसतात ती याच जातीची. रेरात तिन्ही थर एकाखाली एक लागतात: २०१६ चा अधिनियम, राज्य सरकारचे २०१७ चे नियम आणि महारेराचे २०१७ चे विनियम. याशिवाय सहकारी गृहनिर्माण संस्था किंवा बँक स्वतःच्या कारभारासाठी जे बायलॉज करते, त्या उपविधी.

या उतरंडीत खालचा वरच्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. नाशिकच्या एका व्यापारी सहकारी बँकेच्या संचालक मंडळातल्या राखीव जागांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९८४ साली न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की उपविधी आणि कायदा यांचा मेळ बसत नसेल तर कायदा चालतो, उपविधी बाजूला पडते. सोसायटीच्या सभेत ‘आमच्या बायलॉजमध्ये असंच आहे’ असं कोणी टेबल आपटून सांगितलं, तर हे लक्षात असू द्या.

पण खालचा म्हणजे कमकुवत, असाही समज करून घेऊ नका. १९७५ च्या सुखदेव सिंग खटल्यात आयुर्विमा महामंडळासारख्या वैधानिक महामंडळांच्या विनियमांविषयी प्रश्न आला होता. कर्मचाऱ्यांसाठी केलेले हे विनियम ही नुसती घरगुती शिस्त नसून त्यांना कायद्याचं बळ आहे, असं न्यायालयाने ठरवलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दात काय काय येतं त्याची यादी आहे. तीत अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना आणि रूढी हे सगळे एका पंगतीला बसले आहेत. म्हणून खिडकीवर कोणी ‘हे नुसतं रेग्युलेशन आहे, कायदा थोडाच आहे?’ असं म्हणालं तर ते खरं नाही.

शासन निर्णय आणि परिपत्रक यांची गोष्ट वेगळी. जीआर हा प्रशासनाचा निर्णय, परिपत्रक ही हाताखालच्यांना दिलेली सूचना. त्यांनी विनियमातली रिकामी जागा भरता येते, विनियम खोडता येत नाही.

तिसरी पायरी: ‘विहित’ आणि ‘विनिर्दिष्ट’ हे दोन शब्द शोधा

ही युक्ती मला कामाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी उमगली, आणि तेव्हापासून कायदा वाचणं निम्म्याने सोपं झालं. विद्युत अधिनियमाच्या सुरुवातीला व्याख्यांचं कलम आहे. तिथे दोन साधे इंग्रजी शब्द विशिष्ट अर्थाने बांधले आहेत. ‘प्रिस्क्राइब्ड’ म्हणजे सरकारने नियमांद्वारे ठरवलेलं, ‘स्पेसिफाइड’ म्हणजे विनियमांद्वारे ठरवलेलं. मराठीत पहिल्याला विहित आणि दुसऱ्याला विनिर्दिष्ट म्हणतात.

याचा उपयोग असा. कलम ५० म्हणतं की राज्य आयोग पुरवठा संहिता स्पेसिफाय करील. म्हणजे संहिता शोधायला सरकारचे नियम चाळण्यात अर्थ नाही, आयोगाच्या विनियमांकडे जायचं. कलम ५७ मधल्या कृतिमानकांचंही तसंच. जिथे ‘प्रिस्क्राइब्ड’ दिसेल तिथे नियम उघडायचे. प्रत्येक कायदा हे दोन शब्द अगदी याच अर्थाने वापरतो असं नाही, म्हणून आधी त्या-त्या कायद्याचं व्याख्यांचं कलम वाचा. ते कलम कंटाळवाणं वाटतं खरं, पण पुढच्या पन्नास पानांची किल्ली तिथेच ठेवलेली असते.

चौथी पायरी: उल्लेख करताना योग्य नाव वापरा

बाईंचा अर्ज इथे अडखळला. प्रत्येक दस्तऐवजाच्या तुकड्याला स्वतःचं नाव असतं. राज्यघटनेचा अनुच्छेद, अधिनियमाचं कलम, नियमांमधला नियम, विनियमांमधला विनियम, उपविधींमधली उपविधी. म्हणजे ‘विनियम’ हे पूर्ण दस्तऐवजाचंही नाव आणि त्यातल्या एका खंडाचंही. ‘विनियम, २०२१ मधील विनियम क्र. अमुक’ असं लिहिताना शब्द दोनदा येतो तो म्हणूनच, ती पुनरुक्ती नव्हे.

अर्जात कलम लिहिलं काय आणि विनियम लिहिलं काय, समोरच्याने समजून घ्यायला हवं, असं मलाही वाटतं. पण नकार देणाऱ्याच्या हाती आपणच निमित्त का द्यावं?

पाचवी पायरी: जुळ्या दिसणाऱ्या शब्दांपासून जपा

सर्वांत धोक्याची जोडी आहे विनियम आणि विनिमय. ‘य’ आणि ‘म’ यांची अदलाबदल झाली की अर्थ देवाणघेवाण होतो. मोबाइलवर टंकताना तर ही चूक हमखास होते, आणि शुद्धलेखन तपासणारी सोय ती पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. १९७३ चा ‘फेरा’ कायदा आठवतो? त्याच्या नावात दोन्ही शब्द होते: परकीय चलनाचा विनिमय, आणि त्या विनिमयाचं विनियमन. मी तो सुरुवातीला एका मसुद्यात उलटा लिहिला होता आणि छपाईच्या आदल्या रात्री तो सापडला. तेव्हापासून हा शब्द आला की मी बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचते. तिसरा शेजारी विनियोजन. तो अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या मंजुरीचा, याच्याशी त्याचं नातं नाही.

दुसरी फसवी जोडी इंग्रजीतली: रेग्युलेशन आणि रेग्युलरायझेशन. गुंठेवारीतल्या घराचा मालक ‘आमचं रेग्युलेशन झालं’ म्हणतो तेव्हा त्याला रेग्युलरायझेशन म्हणायचं असतं, म्हणजे जे नियमाबाहेर झालं ते नियमात बसवून घेणं. त्यासाठीच्या २००१ च्या कायद्याच्या नावात ‘नियमाधीन करणे’ असे सुंदर शब्द आहेत.

आणि आपली नेहमीची ‘विकास नियंत्रण नियमावली’, म्हणजे इमारतीची उंची आणि चटईक्षेत्र ठरवणारी. तिच्या इंग्रजी नावात रेग्युलेशन्सच आहेत, पण मराठीत नियमावली हा शब्द इतका मुरला आहे की २०२० च्या राज्यव्यापी एकत्रित दस्तऐवजालाही तेच नाव मिळालं. रूढ नाव असेल तिथे तेच वापरावं, सूत्राच्या हट्टापायी बदलू नये.

विद्यापीठाच्या कागदांत आणखी एक वाकडं वळण आहे. तिथे स्टॅट्यूट म्हणजे परिनियम, ऑर्डिनन्स म्हणजे अध्यादेश आणि रेग्युलेशन म्हणजे विनियम. हा अध्यादेश राज्यपालांनी विधिमंडळ बंद असताना काढलेला नव्हे. परीक्षेच्या फेरतपासणीसाठी धावणाऱ्या मुलांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

सूत्र मोडतं ती ठिकाणं

वर सांगितलं की विनियम अधिनियमाच्या खाली असतो. याला एक मोठा अपवाद घटनेतच आहे. अनुच्छेद २४० प्रमाणे काही केंद्रशासित प्रदेशांसाठी राष्ट्रपती जी रेग्युलेशन्स करतात, त्यांचं बळ संसदेच्या कायद्याइतकंच असतं. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ साली ‘गोवा, दमण आणि दीव (कायदे) रेग्युलेशन’ आलं आणि देशातले अनेक कायदे तिथे लागू झाले, ते याच प्रकारचं. दादरा-नगर हवेलीतल्या जमिनींसाठी आजही १९७१ चं भूसुधारणा रेग्युलेशन पाहावं लागतं. तिथलं काम असेल तर रेग्युलेशन हे दुय्यम समजू नका.

इतिहासाचे कागद वाचताना तर हे फारच जपावं लागतं. १८३३ च्या सनदी कायद्याच्या आधी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आणि त्याचं मंडळ जे कायदे करत, त्यांचं नावच रेग्युलेशन होतं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ मध्ये अशा रेग्युलेशन्सची एक संहिताच तयार झाली. तिच्यातलं पंचविसावं रेग्युलेशन म्हणजे सरकारला खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवण्याची मुभा. जून १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढच्याच महिन्यात पुण्यातल्या सरदार नातू बंधूंना उचललं, ते सत्तर वर्षं जुन्या या रेग्युलेशनखाली. तिथे ‘विनियम’ असा शब्द घातला तर वाचणाऱ्याला एखाद्या मंडळाची किरकोळ नियमावली वाटेल. त्या माणसांनी जे भोगलं ते असं झाकलं जाऊ नये, म्हणून मी अशा ठिकाणी रेग्युलेशन हाच शब्द ठेवते.

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडं. युरोपीय संघात रेग्युलेशन हा वरच्या दर्जाचा कायदा आहे. तो सगळ्या सदस्य देशांत थेट लागू होतो, देशाने वेगळा कायदा करावा लागत नाही. याउलट डिरेक्टिव्ह आला की प्रत्येक देश आपला कायदा करतो. २५ मे २०१८ पासून लागू झालेला खासगी माहितीच्या संरक्षणाचा जीडीपीआर, त्याच्या नावातला शेवटचा ‘आर’ याच रेग्युलेशनचा. ब्रिटनमध्ये मात्र रेग्युलेशन्स बहुधा मंत्री करतात, म्हणजे ती आपल्या नियमांच्या जवळची. अमेरिकेत काँग्रेसच्या कायद्याखाली सरकारी यंत्रणा ती करतात आणि एका मोठ्या संहितेत ती विषयवार लावलेली असतात. व्हिसाच्या कागदावर ‘८ सीएफआर’ दिसतं ते तिचं आठवं शीर्षक, परदेशी नागरिकांविषयीचं. नोकरी सुटल्यावर एच-वन-बी धारकाला मिळणारी साठ दिवसांपर्यंतची सवलत तिथेच लिहिलेली आहे.

कायद्याबाहेरचा रेग्युलेशन

क्रिकेटच्या समालोचनात ‘रेग्युलेशन कॅच’ म्हणतात. तिथे नियमाचा संबंध नाही. सहज घेण्यासारखा, हातात आलेला झेल, एवढाच अर्थ. ‘रेग्युलेशन युनिफॉर्म’ म्हणजे ठरवून दिलेला गणवेश. मानसशास्त्रातलं ‘इमोशनल रेग्युलेशन’ म्हणजे भावनांचं नियमन. मला इथे ‘भावना आवरणं’ जास्त आवडतं, पण आवरणं म्हणजे दाबणं असा अर्थ होण्याचा धोका आहे, म्हणून लेखात नियमन आणि बोलण्यात सांभाळणं, असं मी करते.

शब्दाचं मूळ मात्र सगळीकडे एकच. लॅटिनमध्ये रेगुला म्हणजे सरळ काठी, रेघ आखायची पट्टी. रूल आणि रेग्युलेशन दोन्ही तिच्यापासून निघाले. आणि आपल्या ‘कायदेकानू’तला कानू अरबीतून आला, तो मुळात ग्रीक कॅनॉनचा, त्याचाही अर्थ मापायची सरळ काठीच. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच काठीपाशी भेटतात, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

शेवटची पायरी: अर्जात कसं लिहावं

बाईंच्या दुसऱ्या अर्जाचा मजकूर आम्ही दोघींनी बसून केला. तो साधारण असा होता, आणि कोणत्याही आयोगाच्या किंवा प्राधिकरणाच्या बाबतीत तो थोड्या बदलाने चालेल:

‘विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५० अन्वये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने केलेल्या पुरवठा संहितेविषयीच्या विनियम, २०२१ मधील विनियम क्र. ____ नुसार माझ्या मीटरची तपासणी करण्यात यावी व तपासणीचा अहवाल मला लेखी मिळावा. विनंती अमान्य असल्यास, ती कोणत्या तरतुदीखाली अमान्य केली ते लेखी कळवावे.’

क्रमांकाची जागा आयोगाच्या संकेतस्थळावरची ताजी प्रत पाहूनच भरा, कारण विनियमांत दुरुस्त्या होत राहतात. दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. तोंडी ‘असा कायदा नाही’ म्हणणं सोपं असतं, तेच सहीनिशी लिहून देणं कठीण.

बाई त्याच खिडकीवर गेल्या. या वेळी अर्ज घेतला गेला, शिक्का बसला, आणि पंधरवड्यात मीटर तपासायला माणूस आला.